पिवळ्या रेघेचे गाव

गॅसवर आमटी उतू गेली म्हणजे शेगडीची निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते, हे कोणत्याही गृहिणीला सांगायला नको. त्या वेळी तिचे लक्ष अर्थातच आमटीकडे असते, ज्योतीकडे नसते. पण एखाद्या दिवशी सवडीने मिठाची चिमूट ज्योतीवर टाकून पाहा. तोच पिवळा रंग. खाण्याचा सोडा टाका, पापडखार टाका, पुन्हा पिवळाच. मीठ भाईंदरच्या मिठागरातले असो की सातासमुद्रापलीकडचे, ज्योतीला त्याचे सोयरसुतक नसते. ह्या सगळ्या पदार्थांत सोडियम आहे, आणि सोडियम ज्योतीत सापडले की डोळ्यांत भरेल असा हा एकच रंग काढते.

आमच्या भिवंडीत ह्या रंगाने पूर्वी पुष्कळांची फसगत केलेली आहे. रस्त्यावर सोडियमचे दिवे असत तेव्हा संध्याकाळी तीनबत्तीच्या बाजारातून आणलेले जांभळे लुगडे दुकानाबाहेर आल्याबरोबर तपकिरी दिसू लागे, आणि नवराबायकोंत "तुम्हीच म्हणालात हा रंग घे" इथपासून संवाद सुरू होई. दुकानदाराचा त्यात दोष नसे. ज्या उजेडात जांभळा रंग मुळी फारसा नाहीच, त्या उजेडात लुगड्याने तो परत कुठून द्यायचा? म्हणून कापडाचा जाणता माणूस ठाण दिवसा उजेडात, दाराशी नेऊन पाहतो.

हे रंगपुराण आज काढण्याचे कारण आमचे भाचेबुवा. गणेशोत्सवात सोसायटीच्या मंडळाने वक्तृत्वस्पर्धा ठेवली होती; विषय, 'महाराष्ट्र आणि विज्ञान'. भाचा सातवीत आहे. त्याने भाषण पाठ केले आणि तालमीसाठी माझ्यापुढे उभा राहिला. दुसऱ्याच वाक्यात हात उंचावून तो गरजला, "१८ ऑगस्ट १८६८ रोजी सर नॉर्मन लॉकियर यांनी आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला!"

आमच्याच मजल्यावर राहणारे एक आजोबा त्या वेळी चहाला आले होते. ते मूळचे देवगड तालुक्यातले, म्हणजे विजयदुर्ग त्यांचे घरचे. त्यांनी मांडीवर थाप मारून "शाब्बास!" म्हटले. लहानपणी किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या ओट्यां'वर ते स्वतः बसलेले आहेत. साहेबाने दुर्बीण ठेवली ते हे ओटे, असे त्यांना त्यांच्या वडिलांनी दाखवलेले.

मी म्हटले, "अरे, त्या दिवशी लॉकियर इंग्लंडात होते."

पुढची दोन मिनिटे कोणी काही बोलले नाही. मग आजोबा म्हणाले, "म्हणजे ओटे काय आम्ही रातोरात बांधले?"

त्यांना उत्तर द्यायचे तर आधी ती पिवळी रेघ म्हणजे काय हे सांगणे भाग होते, आणि ते वाचकांनाही सांगितल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

सूर्याचा उजेड लोलकातून नेला की त्याचा सप्तरंगी पट्टा होतो, हे न्यूटनने दाखवले. ह्या पट्ट्याला वर्णपट म्हणतात. १८१४ साली फ्राउनहोफर नावाच्या जर्मन भिंगकाराने उत्तम लोलक व दुर्बीण घेऊन हा पट्टा बारकाईने पाहिला, तर त्यात आडव्या काळ्या रेघाच रेघा! त्याने पाचशेच्या वर रेघा नोंदल्या. आमच्याकडचे कारागीर कापडावर भिंग ठेवून एका इंचात किती धागे ते मोजतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त हे कापड सूर्यावरून आलेले होते. रेघा कसल्या हे मात्र त्याला कळले नाही.

ते कळले १८५९ साली, हायडेलबर्ग येथे, किर्खोफ आणि बुन्सेन ह्या दोघांना. त्यांनी एकेक पदार्थ ज्योतीत धरून त्याचा उजेड लोलकातून पाहिला. मीठ धरले तेव्हा सप्तरंगी पट्टा दिसलाच नाही. काळोखात फक्त एक पिवळी रेघ, आणि नीट पाहिले तर तीही जोडरेघ, दोन रेघा शेजारीशेजारी. लिथियम धरले की तांबडी रेघ, दुसरे काही धरले की दुसऱ्याच रेघा. प्रत्येक मूलद्रव्याचा रेघांचा संच निराळा, आणि एकाचा दुसऱ्याशी जुळत नाही. पैठणी कोणती आणि इरकल कोणते हे जाणत्या बाईला घडी न उलगडता काठावरून सांगता येते. तसा हा मूलद्रव्याचा काठ. ह्या काठावरून त्या दोघांनी सीझियम आणि रुबिडियम ही दोन अगदी नवी मूलद्रव्ये हुडकून काढली. आणि सूर्याच्या पट्ट्यातली एक ठळक काळी जोडी मिठाच्या पिवळ्या जोडीच्या नेमक्या जागी आहे, हेही दाखवले. सूर्याभोवतीच्या वायूत सोडियम आहे. तापल्यावर जो रंग ते टाकते तोच रंग ते मागून येणाऱ्या उजेडातून गिळते, म्हणून तेवढी जागा काळी. ताऱ्यांची घडण माणसाला कधीही कळणार नाही, असे फ्रान्समधील तत्त्वज्ञ कोंत ह्यांनी १८३५ साली लिहून ठेवले होते. त्यांच्या निधनानंतर दोनच वर्षांत ती कळू लागली.

"पण मामा, सोडियमला पिवळाच रंग का?" भाच्याने विचारले. प्रश्न रास्त होता. किर्खोफलाही त्याचे उत्तर ठाऊक नव्हते.

अणूच्या मध्यभागी केंद्रक आणि त्याच्या भोवती इलेक्ट्रॉन, एवढे शाळेत शिकवतात. इलेक्ट्रॉनला कुठेही राहता येत नाही, ही त्यातली खरी गोम. मी भाच्याला आमच्या जुन्या वाड्यातल्या जिन्याची आठवण करून दिली. त्या जिन्यावर माणूस एका पायरीवर उभा राहील किंवा दुसरीवर. दोन पायऱ्यांच्या मधल्या हवेत त्याला उभे राहता येणार नाही. इलेक्ट्रॉनचे तसेच. उष्णतेने किंवा विजेने धक्का दिला की तो वरच्या पायरीवर चढतो, तिथे क्षणभरही धड टिकत नाही, आणि खाली उडी मारताना हातातली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने टाकून देतो. उडी लहान तर उजेड तांबड्याकडचा, उडी मोठी तर निळ्याजांभळ्याकडचा. पायऱ्या ठरलेल्या, म्हणून उड्या ठरलेल्या, म्हणून रंगही ठरलेले. सोडियमच्या जिन्यावरची नेहमीची उडी पिवळ्या रंगाची पडते. तिची वरची पायरी किंचित दुभंगलेली आहे, म्हणून रेघांची जोडी. आणि खालून वर चढायचे तर इलेक्ट्रॉनला नेमकी तेवढीच ऊर्जा लागते, म्हणून तो बाकीचे रंग सोडून तेवढाच रंग गिळतो.

प्रत्येक मूलद्रव्याच्या घरी जिना वेगळा. हायड्रोजनचा सर्वांत साधा: खालच्या पायऱ्या उंच, वर जावे तसतशा बुटक्या. त्याच्या चार रेघा डोळ्यांना दिसतात: एक तांबडी, एक हिरवट निळी आणि दोन जांभळ्याकडच्या. ह्या चार रेघांच्या जागा एकाच सूत्रात बसतात हे १८८५ साली बाल्मर नावाच्या गृहस्थाने दाखवले. हे स्वित्झर्लंडमध्ये बाझल येथे मुलींच्या शाळेत गणित शिकवत आणि तेव्हा साठीचे होते. सेवानिवृत्तीच्या उंबऱ्यावरच्या शिक्षकांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. त्याच साली कोपनहेगनला एक मूल जन्मले, नील्स बोर. त्याने १९१३ साली पायऱ्यांची कल्पना मांडून बाल्मरचे सूत्र का चालते ते सांगितले. पुढे बोरच्या कल्पनेतही पुष्कळ डागडुजी झाली. पण पायऱ्या राहिल्या.

दिवाळीच्या दारूकामातही हाच खेळ आहे. तांबडा उजेड स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. मात्र इथे सुटा अणू नसून बहुधा दोन अणूंची जोडी उजेड टाकते, त्यामुळे रेघांऐवजी जाडसर पट्टे दिसतात. बेरियमच्या क्षारांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मनाई केली, आणि ते श्वासाने पोटात जाण्याची वस्तू नव्हेत हे खरेच आहे. हिरव्या फटाक्यांतला 'हिरवा' हा रंगाचा हिरवा नव्हे, हे जाता जाता सांगून ठेवतो. आमच्या घरी ह्यावरून एकदा वाद झाला आहे.

आता विजयदुर्ग.

१८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण मोठे होते आणि त्याचा पट्टा हिंदुस्थानातून जात होता. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला येऊन बसले. इंग्रजांचा एक तळ तिथेच होता. आणि आपल्या मुलखाच्या जवळ म्हणाल तर लेफ्टनंट जॉन हर्शेल हे जमखंडीला होते, पटवर्धनांच्या संस्थानात. सूर्यबिंब झाकले की त्याच्या कडेला तांबूस ज्वाळा दिसतात. त्या ज्वाळांचा उजेड लोलकातून पाहणे हा सर्वांचा बेत. ढगांनी हर्शेलसाहेबांचा जीव मेटाकुटीस आणला, पण मधूनमधून आभाळ उघडले आणि ज्वाळांच्या वर्णपटात सुट्या, चकाकत्या रेघा दिसल्या. सप्तरंगी पट्टा नाही, सुट्या रेघा. म्हणजे ज्वाळा तापलेल्या वायूच्या आहेत. त्यांतली एक रेघ पिवळसर होती. ती मिठाची असेल असे धरले गेले.

गुंटूरला जान्सेन ह्यांना त्या रेघा इतक्या लखलखीत वाटल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी त्या हुडकून दाखवल्या. तिकडे लंडनमध्ये लॉकियर ह्यांनी ग्रहणाला न जाता, स्वतंत्रपणे, त्याच युक्तीने २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्या पाहिल्या. हे लॉकियर तेव्हा 'सर' नव्हते. ते युद्धखात्यात कारकून होते आणि फावल्या वेळात आकाश पाहत. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत आली, आणि फ्रेंच सरकारने १८७२ साली दोघांचे मुखवटे असलेले एकच पदक पाडले.

पिवळी रेघ मिठाची नाही, हे लॉकियर ह्यांनी मापून ठरवले. मिठाच्या दोन रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर आहेत, ही नवी ५८७.६ वर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. नुसत्या डोळ्यांना दोन्ही पिवळ्याच. दीड नॅनोमीटरचा फरक कोणालाही रंगावरून सांगता येणार नाही. पण काठ जुळत नाही म्हणजे लुगडे दुसरे! पृथ्वीवरच्या कोणत्याच पदार्थाचा असा काठ नव्हता. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात मूलद्रव्याला हेलियम म्हणू लागले. पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांनी पंचवीसएक वर्षे त्याची टिंगल केली. १८९५ साली विल्यम रॅम्झी ह्यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेघ सापडली, तेव्हा टिंगल थांबली.

ह्या साऱ्या हकिगतीत विजयदुर्ग कुठेही नाही. मी आजोबांना एवढेच विचारले, "अहो, १८ ऑगस्ट म्हणजे श्रावणातली अमावास्या. त्या दिवसांत विजयदुर्गाच्या बंदरात गलबत तरी येत असे का? आणि आभाळ?"

आजोबा कोकणातले आहेत. श्रावणातला समुद्र त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक. ते गप्प राहिले, मग हळूच म्हणाले, "नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघतात खऱ्या... पण विलायतेची दुर्बीण घेऊन कोणी येणार नाही."

मग ओट्यांचे काय? ओटे बिनबुडाचे नाहीत. तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ रोजी दुसरे खग्रास ग्रहण झाले. पौषातली अमावास्या, निरभ्र आभाळ. त्या वेळी लॉकियर खरोखरच विजयदुर्गाला आले. आता ते 'सर' होते, साठीला टेकले होते, त्यांनी काढलेले 'नेचर' नियतकालिक तिसाव्या वर्षाकडे चालले होते आणि त्यांची पिवळी रेघ तीन वर्षांपूर्वीच खरी ठरली होती. 'मेल्पोमिनी' ह्या युद्धनौकेवरच्या खलाशांना त्यांनी मदतनीस म्हणून कवाईत देऊन तयार केले आणि लोलक बसवलेले कॅमेरे रोखले. ग्रहण लागताना सूर्याची शेवटची कड झाकली जाते त्या निमिषात काळ्या रेघा एकदम उजळून निघतात, कारण मागचा झगझगीत उजेड गेलेला असतो आणि वायूचा स्वतःचा उजेड तेवढा उरतो. तो एकदोन सेकंदांचा झगमगाट पकडणे हे मुख्य काम. सगळे खग्रास मिळून सुमारे दोन मिनिटांचे.

"म्हणजे ओटे खरे, तारीख तेवढी खोटी," आजोबा म्हणाले. मला ह्याहून चांगला निकाल देता आला नसता.

पण त्याच दिवशी, त्याच सावलीखाली, सोलापूर जिल्ह्यात करमाळ्याजवळ जेऊर येथे आणखी एक तळ होता, आणि आमच्या भाषणांतून त्याचे नाव ऐकू येत नाही ह्याचे मला अधिक वाईट वाटते. ह्या तळाचे प्रमुख पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून ह्या पारशी गृहस्थांनी पुण्यात वेधशाळा उभी केली. महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा असे तिचे नाव. तिच्यातली वीस इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. जेऊरला नायगमवालांनीही तो निमिषमात्र झगमगाट टिपला आणि त्याचा सविस्तर अहवाल छापला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलसुद्धा तिथेच उतरले होते.

नायगमवाला साहेबांच्या सावलीत वावरणारे नव्हते, हे सांगण्यासारखे आहे. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक हिरवी रेघ आहे. ती मॅग्नेशियमची असावी असे लॉकियर ह्यांचे म्हणणे होते, आणि लॉकियर ह्यांच्या म्हणण्याला तेव्हा केवढे वजन! मॅग्नेशियमची असती तर ती एका बाजूला पसरट दिसायला हवी. १८९१ साली नायगमवालांनी पुण्याहून पाहून लंडनला कळवले की रेघ स्वच्छ आणि तीक्ष्ण आहे, पसरट नाही. ते बरोबर होते. काहींनी मग त्या रेघेवरून 'नेब्युलियम' नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले. हेलियमचे सोने झाले तर ह्याचे का नाही? पण नेब्युलियम निघालेच नाही. १९२७ साली बोवेन ह्यांनी उलगडा केला की ही रेघ दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. ती उडी इतकी क्वचित घडणारी, की अणू वरच्या पायरीवर धक्का न लागता पुष्कळ वेळ बसून राहिला तरच ती पाहायला मिळते. आपल्या हवेत तेवढा निवांतपणा त्याला कोण देणार? एकमेकांना धक्के देण्यात आमच्या धामणकर नाक्यावरची गर्दी आणि हवेतले रेणू सारखेच. तेजोमेघात मात्र शेजारी फार लांब लांब राहतात.

भाच्याने भाषण बदलले. विजयदुर्ग काढू नकोस, १८९८ चा घाल, आणि जेऊर व नायगमवाला घाल, एवढेच मी सुचवले. बाकी शब्द त्याचेच. आजोबा पहिल्या रांगेत बसले होते. भाच्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. परीक्षकांपैकी एका सद्गृहस्थांनी त्याला जवळ बोलावून पाठ थोपटली आणि सांगितले, "भाषण छान, पण बाळ, विजयदुर्गाचे साल तुझे तीस वर्षांनी चुकले, म्हणून गुण कापावे लागले." भाचा माझ्याकडे पाहू लागला. मी काही बोलण्याआधी आजोबाच उठले आणि त्या गृहस्थांना बाजूला घेऊन श्रावणातल्या समुद्राविषयी बराच वेळ सांगत राहिले. गुण काही वाढले नाहीत.

नायगमवाला १९१२ साली निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालच्या सौर वेधशाळेला पाठवण्यात आली. त्या वेधशाळेतूनच पुढे बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था वाढली. २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य एल-१ हे यान निघाले, त्यावरचे सूर्याचे प्रभामंडळ पाहणारे मुख्य उपकरण ह्या संस्थेने तयार केलेले आहे. सूर्यबिंब एका चकतीने झाकून ते सतत कृत्रिम ग्रहण घडवते आणि वर्णपटातल्या मोजक्या रेघांवर नजर ठेवते. त्यांतली एक ५३०.३ नॅनोमीटरची हिरवी रेघ. ती प्रथम १८६९ च्या ग्रहणात दिसली तेव्हा तिच्याही नावाने एक नवे मूलद्रव्य, 'कोरोनियम', मानले गेले होते आणि तेही सुमारे सत्तर वर्षे चालले. मग कळले की ते लोखंड आहे, फुलबाजीच्या ठिणग्यांत जळते तेच लोखंड; फक्त सूर्याच्या त्या दहा-वीस लाख अंशांच्या उष्णतेत त्याच्या सव्वीसपैकी तेरा इलेक्ट्रॉन गळून पडलेले आहेत.